बर्फातला मासा आणि मिशावाला मासा

आमच्या बोईसरच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या घरात कुल्लूकडची एक बाई राहायला आली. तिचा नवरा कारखान्यात. ओळख होऊन आठवडाही झाला नसेल, तिनं मला विचारलं, "दीदी, यहाँ ट्राउट कहाँ मिलती है?"

मी मूळची साताऱ्याची. ट्राउट हा शब्दच मी पहिल्यांदा ऐकला. मग तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. अंगभर ठिपके असलेला देखणा मासा, आणि तो हातात धरून हसणारे तिचे वडील. माहेरी ती त्यांच्याबरोबर नदीवर जायची. येताना कपड्यांच्या बॅगेत गळाची काठीही घेऊन आली होती.

आम्ही दोघी बाजारात माझ्या नेहमीच्या मासेवालीकडे गेलो. फोटो बघून आणि हा मासा बर्फाच्या पाण्यात राहतो हे ऐकून ती खळखळून हसली. "बरफाच्या पान्यातला? आमच्याकडं मासा मेल्यावर बरफात जातो!" मग जरा विचार करून म्हणाली, "गलाला लागनारा पायजे ना? नदीत शिंगटी हाय, मिशावाली. खाडीत तिचा मोठा भाऊ शिंगाला. पन काटा लय वाईट, सांभालून."

त्या दिवसापासून आमचे बेत सुरू झाले. मुलं शाळेत गेली की स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोबाइलचा नकाशा उघडायचा. आधी वैतरणेची खाडी ठरली. पण तिथं भरती-ओहोटी सांभाळावी लागते, चिखलात पाय रुततो, म्हणून ती राहिली. शेवटी सूर्या नदी नक्की झाली, मासवणजवळ. माझा नवरा म्हणाला, "अगं, बाजारात मिळतो की मासा!" त्याला काय सांगणार? मासा नव्हे, तो पाण्यातून वर कसा येतो ते मला बघायचं होतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी रिक्षानं गेलो. पोचल्यावर तिनं आधी पाण्यात हात घातला. "गरम है," ती नाराज होऊन म्हणाली. मला तर ते चांगलं गार लागत होतं. माहेरच्या सवयीनं ती खळखळत्या धारेत गळ टाकत राहिली. काही लागेना. मग दगडावर बसून ती बराच वेळ पाण्याकडे नुसती बघत राहिली. उठली, गळाला वजन बांधलं आणि झाडाखालच्या संथ डोहात सोडलं. काठी माझ्या हातात दिली.

हिसका बसला तेव्हा मी अशी किंचाळले की पलीकडे कपडे धुणारी बाई उठून उभी राहिली. मासा काठावर आला. काळपट, गुळगुळीत, मिशा हलवत, आणि चक्क करकर आवाज करणारा. शेजारणीनं ट्राउट धरतात तसा तो मुठीत धरला आणि कळवळून खाली टाकला. पराचा विषारी काटा तळव्यात गेला होता. बघता बघता हात सुजला.

ती कपडे धुणारी बाई धावत आली. तिनं मासा बादलीत टाकला, आम्हाला वरच्या आपल्या घरी नेलं, चुलीवर पाणी सोसेल इतकं गरम केलं आणि म्हणाली, "बुडव हात. काडू नको." हळूहळू शेजारणीचा चेहरा निवळला. तशी ती दुसऱ्या हातानं मोबाइल काढून त्या बाईला ट्राउटचा फोटो दाखवायला लागली. मी मधे बसून इकडचं तिकडे सांगत होते.

त्या बाईनं फोटो नीट निरखला. "याला काटा नाय?"

"नाही म्हणते."

"मंग ह्यो सोताला वाचवतो कसा?"

मी हिंदीत विचारलं.  इतकी वर्षं मासे धरले, पण हे शेजारणीच्या मनात कधी आलं नव्हतं. मग म्हणाली, "भागता है. बहुत तेज़."

"पळतो," मी सांगितलं.

बाईनं मान डोलावली. शिंगटी तिनंच साफ केली, काटा आधी मोडून. अर्धी आम्ही तिच्याकडे ठेवली. उरलेली शेजारणीनं संध्याकाळी डाव्या हातानं मोहरीच्या तेलात तळली. माझ्या नवऱ्यानं दोनदा मागून खाल्ली.