दीड ते चार

मुलांनो,

रविवारी फोनवर तुम्ही सांगितलंत की तुमच्याकडे पिल्लू येणार आहे, आणि विचारलंत की जनावरांचा डॉक्टर कसा निवडायचा, खर्चाची सोय किती करून ठेवायची. आजीकडे सगळ्याची फाइल असते, म्हणून विचारलंत. उत्तर देते. पण त्याआधी एक खोटं दुरुस्त करायला हवं. परदेशी जाताना माझ्याकडे सोपवलेला तुमचा कुत्रा झोपेत गेला नाही.

डॉक्टर मी तिघांना भेटून ठरवला होता. पहिल्याने त्याला हात लावायच्या आधीच तपासण्यांची यादी दिली. दुसरा माझ्याशी बोलता बोलता मोबाइल बघत होता. तिसऱ्या बाई इथेच हडपसरात, मंडईमागच्या एका गाळ्यात बसणाऱ्या. मूळच्या लोणी काळभोरच्या, गाईम्हशींत वाढलेल्या. त्या खुर्चीवरून उठून फरशीवर बसल्या, त्याला आपला हात हुंगू दिला आणि मगच पोट चाचपलं. असाच डॉक्टर बघा.

खर्चाचं म्हणाल तर लसी, खाणं, जंतांचं औषध हे वर्षाचं ठरलेलं असतं, ते महिन्यांवर वाटून घ्या. अचानकच्या आजारपणासाठी रक्कम वेगळी ठेवा. मी ठेवली होती. त्या दिवशी पैशावाचून काहीही अडलं नाही.

बाईंनी मला बजावलं होतं, मोठ्या कुत्र्याचं पोट फुगलं आणि ओकाऱ्या येऊनही काही पडत नसेल, तर वेळ बघत बसायचं नाही. स्वतःचा नंबर देऊन म्हणाल्या, "आजी, कधीही फोन करा. संकोच करू नका." मी दोन्ही गोष्टी फाइलमध्ये लिहिल्या, तारीख घालून.

त्या दुपारी दीड वाजता, जेवण झाल्यावर, तो ओकायला लागला. नुसता फेस. पोट ताठ. मी फाइल उघडली, वाचली, मला समजलं. मग मी घड्याळ बघितलं.

मी शनिवार पेठेत वाढले. दुपारी कोणाला उठवायचं नाही, हे मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं. तुमच्या आईलाही मी त्यावरून बोललेली आहे. बाई सकाळभर उभ्या असतात, आत्ता कुठे आडव्या झाल्या असतील, चारला दवाखाना उघडतोच, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्याच्या शेजारी बसून त्यांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून काढले. सहा प्रश्न. तीनच्या सुमारास तो निपचित पडला, तेव्हा मला वाटलं, उतार पडला.

बरोबर चारला फोन केला. कधीपासून, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं. दहा मिनिटांत त्या स्कूटरवरून दारात आल्या. आम्ही दोघींनी त्याला चादरीत घालून रिक्षात ठेवलं. रस्त्यातच गेला, माझ्या मांडीवर. शेवटी त्याने माझ्याकडे बघितलं का, मला माहीत नाही. मी रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगत होते.

दवाखान्याच्या पायरीवर बाई माझ्याजवळ बसल्या.

"आजी, मी दुपारी झोपतच नाही हो."

रागाने नव्हत्या म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुम्हाला मी सांगितलं, म्हातारा झाला होता, झोपेत गेला. तो नऊ वर्षांचा होता. आजी, तू किती नीट सांभाळलंस त्याला, असं तुम्ही म्हणालात, आणि मी ते ऐकून घेतलं.

तेव्हा डॉक्टरला पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, अवेळी कोणाला उठवायचं. आणि उठवा. चार शब्द ऐकावे लागले तर ऐका.

एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली म्हणजे मी टाळली. त्या दुपारी तो दोनदा उठून दाराशी गेला आणि पंजाने दार खरवडू लागला. दोन्ही वेळा मी म्हटलं, थांब, चार वाजू देत. ते ओरखडे दाराच्या आतल्या बाजूला, खाली, अजून आहेत.