कल्हईचा उजेड

अचलपूरहून अमरावतीला आले तेव्हा माहेरची पितळी परात माझ्याबरोबर आली होती. तिच्यात कणीक मळताना एक खोल, गोल नाद उठे. हातातल्या बांगड्या त्याला वरून बारीक साथ देत. एके दिवशी ती परात स्वयंपाकघरातून उठली आणि बाहेरच्या खोलीत बांबूला जाऊन टांगली गेली. मी ताटात कणीक मळू लागले. ताट मुके होते आणि उथळ. पीठ सांडे, आणि पिठाबरोबर माझा संयमही.

परात नेली होती आमच्या यजमानांनी. हे हायस्कुलात भूगोल शिकवीत. एक जुना कॅमेरा त्यांनी कुठूनसा पैदा केला होता आणि घरातच स्टुडिओ उभारायला घेतला होता. त्याचे कारण मात्र केवळ हौस नव्हते. कारण होती माझी नणंद.

लहानपणी घंगाळाच्या काठावर पडून तिच्या डाव्या भुवईवर खोक पडली होती. तिचा व्रण राहिला होता, द्वितीयेच्या चंद्रासारखा, वाकडा आणि बारीक. आदल्या वर्षी स्थळांकडे पाठवण्यासाठी तिचा फोटो बाजारात काढला. फोटोवाल्याने कुणी न सांगता कुंचल्याने तो व्रण बुजवला आणि रंगही उजळला. फोटो पाहून मंडळी आली, पोहे खाऊन झाले, आणि ती समोर पाटावर बसलेली असताना मुलाच्या आत्याने विचारले, "फोटोतली कुठे आहे? ही तिची बहीण का?" कुणीतरी हसले. त्या दिवसापासून नणंद फोटोच्या नावाने दार लावून घेई.

आता अकोल्याचे स्थळ आले होते आणि त्यांनीही फोटो मागितला होता. नणंदेने निक्षून सांगितले, "माझाच फोटो जाईल. व्रणासकट. नाही तर कोणाले बोलावू नका."

"मी काढतो," हे म्हणाले. "कॅमेरा आपला, दिवे आपले. कुंचला फिरवायला कोणी नाही."

"दिवे कशाला? अंगणात काढा. ऊन फुकट आहे," मी म्हटले.

"सूर्य आपलं ऐकत नाही."

"अन् अंगणात सारी गल्ली भिंतीवरून पाहते, वहिनी," नणंद म्हणाली.

मग सूर्याला घरात बांधून आणण्याचा उद्योग सुरू झाला. वनस्पती तुपाचे डबे कापून, आतून चुना फासून, त्यांत मोठे दिवे बसवले. संत्र्यांच्या पेट्यांवर पेट्या रचून त्यांवर ते डबे चढवले. खोलीला संत्र्याच्या सालीचा, ओल्या चुन्याचा आणि जळक्या तुपाचा मिळून एक अनोळखी वास सुटला. उजेड मऊ व्हावा म्हणून डब्याच्या तोंडाला माझे धुऊन धुऊन सायीसारखे झालेले मलमलीचे पातळ फाडून बांधले. पहिल्याच दिवशी ते तपकिरी पडले. दुसऱ्यांदा फ्यूज उडाला तेव्हा मागच्या बिऱ्हाडातून आवाज आला, "मास्तर, सिनेमा काढून राहिले का?"

एका बाजूने दिवा, तर दुसऱ्या बाजूने उजेड परतवायला आरसा हवा. एवढा मोठा आरसा महाग, म्हणून परात. गल्लीत कल्हईवाला आला होता. भात्याचा दम, नवसागराचा पांढरा, घशाला चरचरणारा धूर, आणि धुरातून चांदीसारखी उमलत जाणारी माझी परात.

"अजून चकाकू दे," हे म्हणाले.

"मास्तर, हिच्यात कणीक मळसान का थोबाड पाहसान?" कल्हईवाल्याने विचारले. मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली.

फोटो काढले. दिव्यांच्या धगीने नणंदेचे कुंकू ओघळले, ते पुसून पुन्हा लावले. न्हाणीघराची खिडकी घोंगडीने झाकून यांनी फिल्म धुतली, प्रती काढल्या आणि विजयी चेहऱ्याने बाहेर आले. "पहा, किती गोरी दिसते!"

नणंद पाहत राहिली. व्रण नव्हता. एका बाजूचा दिवा आणि कल्हईचा उजेड दोहोंकडून असे धावून आले होते की चेहऱ्यावर सावलीला कुठे जागाच उरली नव्हती. चेहरा उगाळलेल्या चंदनासारखा सपाट झाला होता.

"दादा, हे तर बाजारातलंच झालं," ती म्हणाली, "फक्त घरी बनवलेलं." आणि उठून आत गेली. मला यांचा, त्या डब्यांचा आणि सगळ्या भूगोलाचाच संताप आला.

दोन दिवसांनी अकोल्याची मावससासू आली. तिनेच स्थळ आणले होते. फोटो तीच घेऊन परतणार होती. दुसऱ्या फिल्मवर दिव्यांच्या चाचण्या करता करता शेवटचा एक फोटो उरला होता. हे पुन्हा डबे मांडत होते, नणंद नाइलाजाने पाटावर बसली होती. मला पुरणपोळ्यांची कणीक भिजवायची होती. मी सरळ गेले आणि बांबूवरची परात उतरवली.

"अगं, उजेड गेला!"

"मग पोळ्या काय उजेडाच्या करू?"

"तुझा अर्धा चेहरा काळोखात गेला, आरशात पहा—"

नणंदेने भिंतीवरच्या लहानशा आरशात पाहिले. एकट्या, आडव्या उजेडात भुवईवरची कोर उठून दिसत होती. गालाला गोलाई आली होती. ती सरळ बसली.

"दादा, आता काढ."

"पण सावली—"

"काढ म्हणते ना!"

कुरकुरत यांनी खटका दाबला.

तोच फोटो गेला. मंडळी आली. मुलाच्या आईने हातातल्या फोटोकडे पाहिले, मग नणंदेकडे, आणि विचारले, "कायचं लागलं होतं हे?"

"घंगाळाच्या काठाचं."

"खोक मोठी असन मंग," त्या म्हणाल्या, आणि पोह्यांची बशी पुढे ओढून तिला काय काय करायला आवडते ते विचारू लागल्या. या वेळी कुणी हसले नाही. नणंदेची मान वर होती.

अकोल्याला तिच्या बैठकीत तो फोटो अजून आहे. आम्ही गेलो की हे त्याच्याखाली उभे राहून हळहळतात, "परात असती तर काय आला असता!" नणंद पदराआड हसते आणि मला डोळ्याने खुणावते. अमरावतीला परतल्यावर काही दिवस ते स्वयंपाकघराच्या दारात घुटमळतात. कल्हई आता मळून मळून विरली आहे, मधून पितळ पिवळे डोकावते. "एकदाच दे," ते म्हणतात.

मी परातीत पीठ ओतते आणि पाणी मागते.