पंखा लावायचा नाही

तराजूसाहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या हद्दीतल्या दुकानदारांनी त्यांचा जंगी सत्कार केला. त्या सत्कारात प्रेम किती आणि सुटकेचा आनंद किती, हे मोजायचं माप त्यांच्या खात्याकडेही नव्हतं. वजनमापं तपासण्याची नोकरी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या काट्यांवर डोळा ठेवला, म्हणून इमारतीतली लहानथोर मंडळी त्यांना तराजूसाहेब म्हणत. म्हणणारे चेष्टेने म्हणत आणि साहेब ती पदवी समजून मान डोलावत.

घरी बसल्यावर त्यांनी घर तपासायला घेतलं. साबणाच्या वड्या तोलल्या. बिस्किटाच्या पुड्यात एक बिस्कीट कमी भरलं म्हणून कंपनीला फोन लावून तिथल्या मुलीला रडकुंडीला आणलं. मग ते ओट्यापाशी उभे राहून काकूंना म्हणाले, "चहात साखर चमच्याने घालू नकोस. चमचा हे माप नव्हे." काकू म्हणजे त्यांची बायको. संसारात त्यांनी बरंच ऐकून घेतलं होतं, पण चमच्यावर बोट ठेवल्यावर त्यांनी थेट लेकीला फोन केला.

"तुझ्या बाबांच्या हाताला काहीतरी काम दे. नाहीतर मी तुझ्याकडे राहायला येते."

लेक या वाक्याच्या कोणत्या भागाला घाबरली कोण जाणे, पण आठवड्याच्या आत खोकं आलं. त्यात रंगीत कार्डशीट, पेनासारखा धरायचा एक बारीक कटर, त्याची पाती, कापताना खाली घ्यायची हिरवी मॅट आणि एक छोटी बाकदार कात्री. लेकीने फोनवर सांगितलं, "बाबा, जुन्या फोटोंचं स्क्रॅपबुक करा. फोटोंभोवती कागदाची पानंफुलं कापून लावायची. वेळ छान जातो."

वेळ छान जाण्याशी साहेबांना कधीच देणंघेणं नव्हतं. काम चोख झालं पाहिजे. पहिलं फूल कापलं तेव्हा त्यांनी ते मधोमध दुमडून पाहिलं, डावी बाजू उजवीपेक्षा किंचित मोठी निघाली आणि त्यांनी ते स्वतःच्या हाताने नापास केलं. दुसरं नापास झालं. तिसरंही. एरवी दुकानदाराला ओरडायची सवय, इथे दुकानदारही तेच आणि निरीक्षकही तेच, त्यामुळे घरात काही दिवस विलक्षण शांतता होती. काकूंना वाटलं, सुटले.

हळूहळू हात बसला आणि चांगलाच बसला, हे मान्य केलं पाहिजे. आधी आतली भोकं कापायची, बाहेरची कड सगळ्यात शेवटी, कारण कड सुटली की कागदात जीव राहत नाही. आणि वळणावर हात फिरवायचा नाही, कागद फिरवायचा. हात जागच्या जागी आणि कागद त्याच्याभोवती गरगर. "जो माणूस हात फिरवतो त्याची रेघ थरथरते," असं ते चहाला आलेल्या कोणालाही, त्याने न विचारता, सांगत. वर्षभरात ते नेच्याचं, म्हणजे फर्नचं, पान कापू लागले. मधला देठ दोऱ्याएवढा, त्याला दोन्ही बाजूंनी पानं, त्या पानांना पुन्हा दातेरी पानं, आणि टोकाला गेल्यावर दिसायला भिंगच हवं. असं एक पान कापायला त्यांना चार-पाच दिवस लागत आणि ते उडायला अर्धा क्षण पुरे होई.

म्हणूनच घरात नियम झाला: पंखा लावायचा नाही.

बैठकीच्या खोलीत मोठं टेबल, टेबलावर मॅट, मॅटवर पान आणि डोक्यावर स्तब्ध पंखा. बटणावर साहेबांनी चिकटपट्टी लावली होती. खिडकी बोटभरच उघडायची. टेबलाजवळून जाताना पदर आवरायचा. शिंक आली तर जिन्यात जाऊन शिंकून यायचं. उन्हाळ्यात पाहुणे येत, घाम पुसत पुसत पंख्याकडे बघत, मग साहेबांकडे, मग काकूंकडे, आणि काहीतरी काम आठवून निघून जात. पुढे ते काम त्यांना घरीच आठवू लागलं. काकूंची बहीण तर सरळ म्हणाली, "तुझ्याकडे यायचं म्हणजे टॉवेल घेऊन यावं लागतं."

काकू हातात वर्तमानपत्राची घडी घेऊन स्वयंपाकघरात वारा घेत बसत. तिथेही, दार लोटून.

"लोकांचे नवरे म्हातारपणी देवाला लागतात," त्या शेजारणीला म्हणाल्या, "माझा कागदाला लागला. देव तरी वाऱ्याने उडत नाही."

इमारतीत अशा नादाची माणसं आणखी होती. त्यांचं स्क्रॅपबुक मंडळ होतं आणि तळमजल्याच्या सभागृहात त्यांच्या बैठका होत. आठवणी जपायच्या असा त्यांचा बाणा, इतका की गेल्या रविवारी घेतलेल्या चहाचीही दोन पानी आठवण मागच्या महिन्यात सजली होती. मंडळाच्या अध्यक्षा म्हणजे बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या एक बाई, सगळे त्यांना मॅनेजरबाई म्हणत. त्यांच्याकडे यंत्र होतं. एका बाजूने कागद घालायचा, दांडा फिरवायचा, दुसऱ्या बाजूने फुलपाखरू बाहेर. त्यांच्या अल्बमात सगळीकडे फुलपाखरं होती. सहलीवर फुलपाखरं, नातवावर फुलपाखरं, गेलेल्या सासूबाईंच्या फोटोवरही चारी कोपऱ्यांना फुलपाखरं, आणि मध्ये सासूबाई हयातीत बघत तशाच रागाने बघत होत्या.

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकाला जाई. "यंत्राला फुलपाखरू कळतं का?" ते काकूंना विचारत.

"फुलपाखराला तरी कुठे कळतं?" काकू म्हणत.

मंडळाने प्रदर्शन जाहीर केलं. विषय, आमचा संसार. बाहेरून परीक्षक येणार, पहिल्या नंबराचा अल्बम वर्षभर सभागृहातल्या काचेच्या कपाटात राहणार. साहेबांना एवढं पुरेसं होतं. त्यांनी फोटोंचा डबा मागितला.

काकूंनी डबा दिला, पण एक फोटो हातातच ठेवला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, काळापांढरा, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात स्टुडिओत काढलेला. साहेब खुर्चीत ताठ बसलेले आणि शेजारी उभ्या काकू तोंड भरून हसताहेत. पुढे कुठल्याच फोटोत त्या अशा आल्या नाहीत. कुठे डोळे मिटलेले, कुठे कॅमेऱ्याकडे संशयाने बघताहेत, कुठे अर्ध्या दाराआड. या फोटोची दुसरी प्रत नव्हती आणि तो स्टुडिओही केव्हाच बंद पडला होता.

"एवढ्या एकाच फोटोत मी आहे," काकू म्हणाल्या. "बाकीच्यांत माझा नुसता अवतार आहे. याला कात्री लावायची नाही."

"अगं, शब्द देतो."

"कटरही नाही."

"तेही नाही. गोंदसुद्धा लावणार नाही वरून."

तराजूसाहेबांनी आयुष्यात शब्द कधी मोडला नव्हता. त्यांची अडचण वेगळीच होती. त्यांना शब्दातलं वजन पुरतं कळे, पण तो देताना समोरच्याच्या मनात काय होतं ते तोलायची सवय नव्हती.

अल्बमाचं शेवटचं पान त्या फोटोचं. त्यांनी गर्द हिरव्या कागदातून एकसंध वेल कापली. कुठेही जोड नाही. तिचे देठ फोटोच्या चारी कोपऱ्यांवरून आडवे नेऊन अल्बमाच्या पानाला घट्ट चिकटवले, म्हणजे फोटो गोंदाशिवाय वेलीच्याच आधाराने बसला. खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघालेली वेल वर चढत गेली आणि तिच्या टोकाला ते नेच्याचं पान फुललं, आजवरचं सर्वांत मोठं आणि सर्वांत नाजूक. फोटोला कात्री लागली नव्हती. कटर लागला नव्हता. वरून गोंदाचा थेंब नव्हता. फक्त त्या वळणाने चढणारी वेल जिथे संपते तिथे काकूंचा चेहरा होता, आणि पान त्यावर आलं होतं.

हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं होतं. त्यांनी भिंगातून पाहिलं, काकूंचा चेहरा हसताना हलल्यामुळे थोडा पुसट आला होता. स्वतः साहेब मात्र खणखणीत स्पष्ट आले होते. सदोष भाग झाकला गेला, उलट बरंच झालं, असा शेरा त्यांनी मनातल्या मनात मारला आणि अल्बम मिटला. प्रदर्शनापर्यंत तो कोणाला दाखवायचा नाही, काकूंनाही नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृहात गर्दी झाली. अल्बम टेबलांवर उघडून ठेवलेले, वर सगळे पंखे सुरू. साहेबांचं शेवटचं पान बघायला माणसं वाकत होती. मॅनेजरबाईही आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे हाताने केलंत?" त्या 'हाताने'मध्ये काय होतं ते साहेबांना नीट ऐकू आलं आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पहिला नंबर कोणाचा हे आता पोरासोरांनाही दिसत होतं.

तेवढ्यात काकू आल्या. नवी साडी नेसून, लेकीला फोनवर दाखवायचं म्हणून मोबाइल तयार ठेवून. त्यांनी पान पाहिलं. मोबाइल पर्समध्ये ठेवला.

"छान झालंय," त्या म्हणाल्या.

साहेब थांबले. काकूंना काही आवडलं तर त्या त्यात चार चुका काढत, नाही आवडलं तर दहा. नुसतं 'छान झालंय' त्यांनी कधी म्हटल्याचं साहेबांना आठवेना.

"फोटोला कात्री लावलेली नाही हं," ते म्हणाले.

"दिसतंय की."

"गोंदही नाही."

"शब्द पाळलात तुम्ही," काकू म्हणाल्या आणि भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

साहेबांनी पुन्हा पानाकडे पाहिलं. ताठ बसलेले आपण, आणि शेजारी साडी नेसलेलं एक नेच्याचं झाड. उभ्या आयुष्यात त्यांनी शेकडो दुकानदार पकडले होते, तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवणारे, वजनं पोखरणारे, आणि त्यातला प्रत्येक जण छाती पुढे काढून सांगे की साहेब, नियमात आहे, बघून घ्या. त्यांना एकदम लाज वाटली. कोणी झडती घेतली नव्हती आणि तरी ते पकडले गेले होते.

त्यांनी खिशातून कटर काढला.

"अहो, काय करताय?" मॅनेजरबाई म्हणाल्या. "परीक्षक गेटापाशी आलेत. नंतर काढा काय काढायचं ते."

खरं तर तेच शहाणपणाचं होतं. साहेबांचा हात थांबलाही. त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"राहू द्या," काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या. "एवढं केलंय तुम्ही."

साहेबांनी काटा जप्त करायला घेतला की दुकानदारही 'राहू द्या' म्हणत, पण त्यांना तो काटा हवा असे. या 'राहू द्या'मध्ये काहीच हवं नव्हतं. तेच साहेबांना सोसवलं नाही. त्यांनी वेल आणि फोटो यांच्यामध्ये प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवली आणि पात्याचं टोक टेकवलं.

वेल ओढून काढावी तर फोटोचे कोपरे तिच्यासकट येणार. देठ कोपऱ्याशी तोडावा तर फोटोच सुटणार. पानाचे दाते चहूबाजूंनी वेलीतच गुंतलेले, त्यामुळे कापायचं ते चेहऱ्याभोवतीच, आणि पट्टीखाली तो एकुलता एक फोटो. शिवाय अल्बम एवढा जाड की फिरवता येईना. कागद फिरवायचा, हात नाही, हे वर्षभर सांगणारे तराजूसाहेब मग स्वतःच टेबलाभोवती फिरू लागले. वाकलेले, हात एका जागी धरलेला, बाकीचा देह खुर्च्यांना धडकत गोल. माणसं हसली. पंख्याच्या वाऱ्याने नेच्याची पानं फडफडून वर उठत होती, पट्टी सरकत होती, आणि एकदा पातं निसटून पट्टीबाहेर जाता जाता राहिलं.

"जरा पंखा बंद करा कोणीतरी," ते म्हणाले.

"या उकाड्यात?" मॅनेजरबाई म्हणाल्या. बाकी कोणी जागचं हललं नाही.

काकू उठल्या. पदर आवरून टेबलाच्या कडेने गेल्या आणि सभागृहातली सगळी बटणं एकामागून एक बंद केली. कुरकुर सुरू झाली. कोणी रुमालाने वारा घेऊ लागलं.

"उकडू दे थोडा वेळ," काकू म्हणाल्या. "मला तर सवयच आहे."

परीक्षक आले तेव्हा साहेब घामाने निथळत होते. वेलीच्या टोकाला आता पान नव्हतं, वेडावाकडा झरोका होता. परीक्षक वाकून बघून म्हणाले, "वेल सुरेख आहे. पण वर अर्धवट का सोडलीत?"

"तिथे बायको आहे," साहेब म्हणाले.

परीक्षकांनी मान हलवली आणि ते फुलपाखरांकडे वळले. पहिला नंबर तिकडेच गेला. काचेच्या कपाटात सासूबाई वर्षभर बसणार होत्या.

घरी आल्यावर साहेबांनी अल्बम टेबलावर ठेवला, शेवटचं पान उघडलं आणि बराच वेळ ते त्या झरोक्यातून हसणाऱ्या, जराशा हललेल्या मुलीकडे बघत बसले.

"तू एवढी का हसली होतीस?" त्यांनी विचारलं. "मी काही बोललो होतो का?"

"विसरलात?" काकू म्हणाल्या. "फोटोवाला म्हणाला हलू नका, आणि तुम्ही हळूच म्हणालात, याची तिपाई पातळीत नाही. मला वाटलं, माझा नवरा काय गमतीदार आहे."

साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. भिंतीची रेघ पाहिली, खुर्चीचे पाय पाहिले.

"तिरकीच होती ती," ते म्हणाले.

"ती गंमत नव्हती, हे मला पुढच्याच महिन्यात कळलं," काकू म्हणाल्या, आणि हसत हसत त्यांनी बटणावरची चिकटपट्टी काढून पंखा लावला.