लहान पार्क आधी

सहली ठरवून देणाऱ्या त्या कचेरीत तिला सगळे जोडीताई म्हणत. हे नाव मालकांनी ठेवलं. तिचं स्वतःचं लग्न मोडलेलं आहे हे त्यांच्या ध्यानात आलं, तोवर नाव तिला चिकटून गेलं होतं. तिनंही ते झटकलं नाही. ती थीम पार्कांच्या जोड्या लावायची. एका सहलीत दोन पार्कं करायची, तर कुठल्याशी कुठलं जुळेल आणि आधी कुठलं, हे ती ठरवायची.

लोक यायचे ते मोठमोठी नावं तोंडपाठ करून. ती त्यांना बसायला सांगायची आणि विचारायची, "घरात घाबरट कोण?"

"हे!" बायको लगेच नवऱ्याकडे बोट दाखवायची. "पाळणा वर गेला की डोळे मिटून घेतात."

"मी नाही मिटत. वाऱ्यानं मिटतात."

हसणं ओसरलं की ती सांगायची, "लहान पार्क आधी, मोठं नंतर. उलटं केलंत तर दुसऱ्या दिवशी पोरं तोंड पाडून बसतील आणि त्यांची समजूत काढता काढता तुमच्या नाकी नऊ येतील."

"मग पहिला दिवस फुकटच की."

"फुकट कसा? दिवसभर पोरं उद्याचं बोलतील."

यातलं एक ती सांगत नसे. परत आलेली माणसं हौसेनं फोन करायची, आणि त्यांच्या बोलण्यात पहिलं पार्क कधीच नसायचं. जोडीतलं एक पार्क विसरून जाण्यासाठीच असतं.

तिची एक मुलगी होती, आठ वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणायचे. घरात जोडीताईची अंथरुणाला खिळलेली आई आणि या दोघी. कचेरी सुटायला उशीर व्हायचा. भिंगरी शाळेतून यायची, आजीला पाणी पाजायची, औषध द्यायची, आणि हाताला लागेल ते खाऊन दिवा तसाच जळत ठेवून झोपून जायची. एका संध्याकाळी तापानं फणफणलेली पोर जिन्यात बसलेली शेजारणीला सापडली. "आजीला कळू नये म्हणून बाहेर बसले," म्हणाली.

जोडीताईनं त्याच आठवड्यात भिंगरीच्या बापाला फोन केला. तो दुसऱ्या शहरात आपल्या मोठ्या बहिणीकडे राहत होता. तिथं आत्या होती, आत्येभावंडं होती, वेळेवर गरम जेवण होतं.

"घेऊन जा तिला," ती म्हणाली. "कायमची."

तो म्हणाला, "मी नेईन गं. पण ती आकांत करेल. मागं सुट्टीत नेली, तर अर्धी वाट काचेला नाक लावून रडत होती."

"म्हणूनच सहल करू. एक दिवस माझ्याबरोबर, दुसरा तुझ्याबरोबर. तुझ्याकडे ती आपल्या पायांनी आली पाहिजे."

"मग लाव जोडी. तुझाच तर धंदा." मग तो म्हणाला, "मोठं पार्क तू घे. मी काय, पुढं रोजचाच आहे."

तो वाईट माणूस नव्हता. म्हणूनच ते शेवटचं वाक्य तिला जास्त लागलं.

कचेरीत ती दोन्ही पार्कांची रंगीत पत्रकं समोर ठेवून बसली. मोठं स्वतःकडे घेता आलं असतं. तिथल्या रुळांवरून उलट्या होणाऱ्या गाडीत लटकताना भिंगरीनं तिचा दंड घट्ट धरला असता, किंचाळली असती, आणि ती किंकाळी तिच्याजवळ जन्मभर राहिली असती. पण मग दुसऱ्या दिवशी पोरीला ओढून काढावं लागलं असतं, आणि बापाकडचं आयुष्य हुंदक्यांनी सुरू झालं असतं. तिनं स्वतःच्या नावापुढं तळ्याकाठचं जुनं पार्क लिहिलं.

भिंगरीला तिनं सगळं सांगितलं होतं. नवी शाळा, आत्याचं घर, सगळं. पोर दोन दिवस रडली. मग मोठ्या पार्काचं कळलं आणि रडणं मागं पडलं.

तळ्याकाठी त्या दिवशी गर्दी नव्हती. दोघी छोट्या आगगाडीत बसल्या. मग पायांनी चालवायची बोट घेतली.

"आई, उद्या उलटं करतात तेव्हा खिशातलं सगळं खाली पडतं?"

"पडतं. खिसे रिकामे करून बस."

"बाबा घाबरतील?"

"तुझे बाबा जिना उतरतानासुद्धा कठडा धरतात."

भिंगरी इतकी हसली की बोट डुलायला लागली. जोडीताईनं बदकं दाखवली. "हं," म्हणून पोरीनं मान फिरवली ती फाटकाच्या दिशेला.

"आणखी एक फेरी मारा की," बोटवाला म्हणाला. "कुणी नाही मागं."

"नको," भिंगरी म्हणाली. "बाबा आले असतील."

बाबा खरंच आले होते. त्यांना बघताच ती पळत सुटली. बॅग आईच्याच हातात राहिली. ती बॅग घ्यायला बाप मागं आला.

"रडली नाही की गं! काय जादू केलीस?"

"जादू कसली? रोजचंच काम आहे."

त्यानं मान खाली घातली आणि बॅग घेतली. गाडी निघाली तेव्हा भिंगरी पुढच्या सीटवर हात उलटेपालटे करून त्याला काहीतरी समजावत होती. तिनं मागं पाहिलं नाही. सगळं ठरवलं होतं तसं, अगदी बिनचूक पार पडलं होतं.

फाटकाशी उभ्या असलेल्या जोडीताईच्या मनात आलं, मोठं पार्क उद्या संध्याकाळी बंद होईल. मग परक्या खोलीत अंथरूण पडेल, आणि पुढं कुठलंच पार्क नसेल. त्या घटकेसाठी तिनं काहीच लावलेलं नव्हतं. तिचं काम नेहमी दुसऱ्या पार्काच्या फाटकापाशी संपायचं.

तिनं फोन लावला.

"अरे, उद्या रात्री ती रडेल. तिला गप्प करू नकोस. नुसता जवळ बस."

"बरं," तो म्हणाला.

मागून आवाज आला, "कोण आहे, बाबा?"

"आई."

"तिला सांगा, मी उद्या सगळं सांगते. आत्ता काहीच नाहीये सांगायला."