खुर्चीची पाठ आणि ताईंचं ‘बरं’

तारीख अठरा जानेवारी, वार रविवार. काम: सासऱ्यांच्या आरामखुर्चीला नवी पाठ शिवणे.

जुनी पाठ मांजरीने फाडली होती. फाडली म्हणजे कुठे एखादा ओरखडा काढला असं नव्हे. खुर्चीच्या पाठीमागच्या कापडाच्या तिने झिरमिळ्या केल्या होत्या आणि आतला काथ्या दाढी वाढल्यासारखा बाहेर लोंबत होता. मी पालीला घाबरत नाही. झुरळ चपलेने मारते. ऑफिसात ऑडिट आलं तरी डबा पूर्ण संपवते. या जगात मी फक्त माझ्या मोठ्या नणंदेला घाबरते, आणि ती खुर्ची नणंदेची होती, आणि नणंद त्या क्षणी नागपूरहून पुण्याला येणाऱ्या गाडीत बसलेली होती!

ताई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. त्या ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर माणूस ऐकून मोकळा झाला असता. त्या फक्त ‘बरं’ म्हणतात. शाळेत त्यांनी ‘बरं’ म्हटलं की मागच्या बाकावरची मुलं न सांगता पाढे म्हणायला लागायची, असं ऐकून आहे. माझ्या लग्नात त्यांनी मला एकदाच नखशिखान्त पाहिलं आणि ‘बरं’ म्हणाल्या. ते कोणत्या अर्थाने, हे मी अजून शोधते आहे.

खुर्चीचं असं. माझे सासरे, बाबा, जन्मभर कारखान्यात मशीनपुढे उभे राहिले. निवृत्त झाल्या दिवशी म्हणाले, “आता मी बसणार.” आणि सुताराला बोलावून ही सागवानी खुर्ची करून घेतली. मग ते खरोखरच बसले. सकाळचा पेपर त्यात बसून मोठ्याने वाचायचे, म्हणजे आम्हाला वेगळा वाचायला लागू नये. ते गेल्यावर ताईंनी एकच वस्तू मागितली. म्हणाल्या, “नागपूरचं घर बांधून होईपर्यंत खुर्ची तुमच्याकडे राहू दे. सांभाळशील ना, सुनंदा?”

मी म्हटलं, “हो ताई.”

हे ‘हो’ मी म्हटलं तेव्हा आमच्या विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये मांजर नव्हती. ती नंतर आली. आमच्या पल्लवीला बेंगळुरूला नोकरी लागली आणि जाताना ती पिंजरा माझ्या हातात देऊन म्हणाली, “आई, थोडेच दिवस हं.” ते थोडे दिवस अजून चालू आहेत. मांजरीचं नाव ठमी. तिला कोणीही काहीही सांगितलं तर ती ऐकते. फक्त करत नाही.

दिवाळीत आम्ही नवा सोफा घेतला होता. त्याचं प्लास्टिक मी अर्थातच काढलं नव्हतं. बसलं की ते करकरतं, आणि घामेजलेला पाहुणा उठताना ‘चर्र’ असा आवाज येऊन बिचारा ओशाळतो. पण सोफा नवा राहतो. “कोणासाठी नवा ठेवतेयस?” असं पल्लवीने विचारलं होतं. मूर्ख प्रश्नांना मी उत्तर देत नाही. ठमीनेही पहिल्याच दिवशी सोफ्यावर पंजा टाकून पाहिला. नखं प्लास्टिकवरून सर्रकन घसरली. तिने माझ्याकडे अपमान झाल्यासारखं पाहिलं आणि शांतपणे बाबांच्या खुर्चीकडे वळली. मी मनात म्हटलं, चला, सोफा वाचला!

मग खुर्ची वाचवण्याचे उपाय सुरू झाले. पल्लवी फोनवर म्हणाली, “आई, स्क्रॅचिंग नॅचरल असतं गं. ऑरेंजचा वास कॅट्सना अजिबात चालत नाही. ट्राय कर.” संत्र्यांना काय तोटा? ताई दर हिवाळ्यात नागपूरहून पेटी पाठवतात. आम्ही ताईंची संत्री खाल्ली आणि सालं ताईंच्याच खुर्चीला चोळली. संध्याकाळी पाहते तर ठमी सालांची उशी करून झोपलेली!

“ही मूळची नागपूरचीच असणार,” हे म्हणाले.

मग व्हिनेगर. त्याने घराला चायनीजच्या गाडीचा वास आला आणि यांना दोन वेळा जास्त भूक लागली. ठमीवर परिणाम शून्य. मग मी ठरवलं की रोग मुळातूनच काढायचा, नखं कापायची. यांनी तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि मी नेलकटर घेऊन बसले. पुढचं नीट आठवत नाही. टॉवेल पंख्यावर होता आणि हे बाथरूममध्ये. दुसऱ्या दिवशी बँकेत यांनी हाताच्या पट्ट्यांचं कारण ‘गुलाबाचं झाड’ असं सांगितलं. आमच्या कुंडीत फक्त कोरफड आहे.

शेवटी यांनी एका जाड पाइपला काथ्याची दोरी गुंडाळून तिच्यासाठी खांब बनवला. खरं तर चांगला केला होता. पण नव्या सोफ्याशेजारी तो म्हैस बांधायच्या खुंट्यासारखा दिसायला लागला. मी तो गॅलरीत नेऊन ठेवला. ठमी गॅलरीत जात नाही. तिथे कबुतरं येतात आणि ती कबुतरांना घाबरते.

तर ही अशी परिस्थिती, आणि ताईंचा फोन: “रविवारी एका लग्नाला येतेय. सकाळी तुमच्याकडे येईन, चहा घेईन. बाबांची खुर्चीही बघायचीय.”

बघायचीय!

मी कपाट उघडलं. जुन्या पडद्याचं कापड काढलं. ताईंची गाडी किमान दोन तास उशिरा येईल या हिशेबाने मी सकाळी निवांत शिवायला बसले. गाड्या उशिरा येतात, यावर माझी आयुष्यभर श्रद्धा आहे. तेवढ्यात फोन.

“उतरलेय. रिक्षात बसते.”

गाडी वेळेवर आली होती! इतक्या वर्षांत एकदा, आणि तीही ताईंना घेऊन! (गाडीलाही ‘बरं’ म्हटलं असणार.)

पाठ शिवणं शक्यच नव्हतं. मी पडद्याला दोन्ही कडांना धावदोरा घालून त्याची खोळ केली, उशीला अभ्रा चढवावा तशी खुर्चीच्या पाठीवर वरून चढवली आणि खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. समोरून छान दिसत होती. मी उपमा करायला आत गेले. ठमीला बेडरूममध्ये कोंडलं. मोहरी कढईपेक्षा ओट्यावर जास्त पडली.

ताई आल्या. रात्रभर गाडीत बसून आलेल्या, थेट लग्नाला जायचं म्हणून पांढऱ्याशुभ्र साडीत, आणि त्या साडीला एक सुरकुती नव्हती. सुरकुत्यांनाही जिवाची काळजी असते. त्यांनी सोफ्याकडे पाहिलंदेखील नाही. सरळ खुर्चीपाशी गेल्या, तिच्या हातावरून हात फिरवला आणि पाठ टेकून बसल्या.

“कापड बदललंस?”

“हो ताई. जुनं विटलं होतं.”

“बरं.”

हे चांगलं ‘बरं’ होतं! माझा जीव भांड्यात पडला. मी चहा आणायला आत गेले, तर हे मागून आले. चेहरा पांढराफटक.

“सुनंदा, तो टेप काढलास ना?”

“कुठला टेप?”

“दोन्ही बाजूंनी चिकटणारा. पल्लवीने सांगितला होता. मांजरीच्या पायाला चिकटलं की ती परत जात नाही म्हणे. तू इकडे आलीस तेव्हा मी तुझ्या नव्या खोळीवर लावून टाकला. सगळीकडून. म्हटलं, आता तरी राहील.”

मी दारातून डोकावले. बाहेर ताई त्या टेपला पाठ टेकून पेपर वाचत होत्या.

“आता काय करायचं?” हे कुजबुजले.

“उठू द्यायचं नाही.”

“लग्न दुपारचं आहे!”

“मग दुपारपर्यंत!”

त्यानंतर मी माझ्या नणंदेची जी बडदास्त ठेवली तशी पंचवीस वर्षांत ठेवली नव्हती. उपमा दिला. परत दिला. चहा दिला. त्या जराशा पुढे सरकल्या की आम्ही दोघं एकदम ओरडायचो, “बसा ना ताई!”

“मी बसलेलीच आहे,” ताई म्हणाल्या. “वसंता, तू काय घाबरलायस?”

“नाही गं ताई. तू आलीस, आनंद झाला.”

“इतका?”

“ताई, आणखी एक कप?” मी मधेच घुसले.

“सुनंदा, तीन झाले. आता मला उठावंच लागेल.”

आणि ताई उठल्या.

आधी ‘चर्रर्र’ असा लांब आवाज आला. तो माझ्या धावदोऱ्याचा होता. मग ताई बेडरूमच्या बाजूला असलेल्या बाथरूमकडे निघाल्या आणि त्यांच्या पाठोपाठ आमचा जुना पडदा निघाला. पांढऱ्या साडीवर मोठमोठी जांभळी फुलं! पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर झूल असते तशी. (ही उपमा मी त्या दिवशी मनात ठेवली, आणि त्या हे वाचणार नाहीत या भरवशावर आज लिहिते.) हे मागून वाकून वाकून झूल पकडू पाहत होते. ताईंनी बाथरूमचं समजून बेडरूमचं दार उघडलं.

ठमी बाहेर आली. तिने शांतपणे हॉल ओलांडला, उघड्या पडलेल्या खुर्चीपाशी गेली, भिंत आणि खुर्ची यांच्या फटीत शिरली, अंग ताणलं आणि, खर्र. खर्र. खर्र.

ताई वळल्या. पडदाही वळला.

त्यांनी खुर्ची भिंतीपासून ओढली. मागची बाजू पाहिली. काथ्याच्या दाढीवरून हात फिरवला. मग पहिल्यांदाच सोफ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं भिंतीला टेकून शिक्षा झाल्यासारखे उभे.

“सोफ्याला प्लास्टिक,” ताई म्हणाल्या.

“हो ताई.”

“आणि बाबांच्या खुर्चीला मांजर.”

त्यांनी लोंबणारा काथ्या बोटाने आत सारला.

“बाबा म्हणायचे, सुनेला वस्तूची किंमत कळते. कळते की. सोफ्याची.”

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. कारण ते खरं होतं. सोफा वाचला म्हणून मीच खूश झाले होते, आणि ठमीला दुसरी जागा कुठली उरली होती? हे हळूच म्हणाले, “ताई, मी खांब केलाय तिच्यासाठी. गॅलरीत आहे.”

“गॅलरीत? वर्गाबाहेर उभं केलेलं पोर काय शिकणार आहे?” ताई म्हणाल्या. मग पाठ आमच्याकडे केली. “आता हे काढा. मला लग्नाला जायचंय. आणि नीट ऐका. बुद्ध पौर्णिमेनंतर खुर्ची नेणार आहे. तोपर्यंत एकही नवा ओरखडा मला दिसता कामा नये.”

“नाही दिसणार, ताई.”

“बरं.”

हे कुठलं ‘बरं’ होतं ते शोधायची गरज पडली नाही. टेप काढताना साडीचा एक धागाही निघाला नाही. आमचा मात्र श्वास निघत नव्हता. संध्याकाळी त्या लग्नाहून मुक्कामाला परत आल्या आणि ठमी सबंध वेळ त्यांच्या मांडीवर होती. दोघी मिळून माझ्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ताई उठायच्या आत, मी कात्री घेतली. नव्या सोफ्याचं प्लास्टिक टराटरा काढलं आणि त्याने बाबांची खुर्ची वरपासून खालपर्यंत गुंडाळून टाकली. खांब आणून हॉलच्या मधोमध, पंख्याखाली उभा केला. मग ठमीला उचलून आणलं. ती बसली. खांबाकडे पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि प्लास्टिकमधल्या खुर्चीकडे निघाली.

“तिकडे नाही! इकडे! हे बघ, असं!”

मी गुडघ्यांवर बसले आणि खांबावर खर्र खर्र करून दाखवलं. ती ढिम्म. मग म्हटलं, बाबांची खुर्ची राहू दे गं बाई, हा घे माझा सोफा! आणि बोटं वाकवून मी माझ्या नव्याकोऱ्या सोफ्याचा कोपरा जीव खाऊन ओरबाडायला लागले. खर्र! खर्र! खर्र! चांगला दोरा निघाला. ठमी लांबून मन लावून बघत होती.

मागे दारात ताई उभ्या होत्या. कधीपासून, ते विचारायची माझी हिंमत नाही.

“वसंता,” त्यांनी आत हाक मारली, “नेलकटर आण. आणि मांजरीचं राहू दे, आधी हिची काप.”