कडी नसलेल्या घरातला कॉम्प्युटर

आमच्या लातूरच्या घरात एकाही दाराला आतून कडी नव्हती. भूकंपात काकाच्या दाराची कडी वाकली आणि तो आत अडकला. वाचला, पण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमच्या घरातल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या. माझा जन्म त्यानंतरचा. न्हाणीत गेलं की मोठ्यानं गाणं म्हणायचं, म्हणजे आत कुणी आहे हे कळतं, ही आमची रीत. पाहुण्यांनाही गावं लागायचं!

लातूरला पोरगी हुशार निघाली की ती डॉक्टरच होणार. तिला विचारायचं तेवढं राहून जातं. मीही डॉक्टरकीच्या क्लासला जायची, पण मला व्हायचं होतं आर्किटेक्ट. घरातला एकुलता एक कॉम्प्युटर बैठकीत. दुपारी मी आर्किटेक्चर कॉलेजांच्या साईट चाळायची आणि संध्याकाळी अण्णांनी त्यावरच पेपर उघडला की बातम्यांशेजारी त्याच कॉलेजांच्या जाहिराती नाचायच्या.

"हे लई दिसायलंय गं. आपल्याकडं कोण आर्किटेक्ट व्हायलंय?" अण्णा विचारायचे. मी क्लासच्या पुस्तकात डोकं घालायची.

नांदेडला इंजिनिअरिंग करणाऱ्या आतेभावाला फोन लावला. तो म्हणाला, "ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट बंद कर. पानावरची बटणं, जाहिराती चालवणारा प्रोग्राम असतो तो. तू काय बघतीस, त्याची चुगली त्यातूनच होती. पाहिजे त्या साईटला तेवढं चालू ठेव."

मी सगळ्या साईटचं ते बंद केलं, फक्त क्लासच्या टेस्टची साईट चालू ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मला कडी लावायला मिळाली होती, मी तर हरखूनच गेले. जाहिराती गेल्या, पेपरही झटकन उघडू लागला. "कॉम्प्युटर सुधारला," म्हणून अण्णा खूश.

आर्किटेक्चरची प्रवेशपरीक्षा मी आईला विश्वासात घेऊन, आत्याकडे जायच्या निमित्तानं नांदेडला दिली. निकालाच्या दुपारी अण्णा झोपले होते. मी 'निकाल पाहा' दाबतेय, पुन्हा दाबतेय, पान ढिम्म!

"नापास झालीस काय गं?" आई इतक्या मोठ्यानं म्हणाली की अण्णा उठून आलेच. दाराला कडी कुठली!

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. अण्णांच्या देखतच त्या साईटचं जावास्क्रिप्ट चालू केलं. पान भरलं. मी पास, तेही भरघोस मार्कांनी.

"कशाची परीक्षा हाय ही?"

"घरं बांधायची," मी म्हणाले. "भूकंपात न पडणारी. तुम्हाला कडी लावून झोपता येईल अशी."

अण्णा चपला घालून बाहेर पडले. आई आणि मी एकमेकींची तोंडं बघत बसलो. ते परत आले तेव्हा एका हातात पेढे होते, दुसऱ्या हातात नवीकोरी कडी. माझ्या खोलीच्या दाराला त्यांनी ती स्वतः बसवली.

मी आत गेले, कडी लावली आणि आनंदानं चक्क नाचले. बाहेरून अण्णांचा आवाज आला.

"कडी राहू दे. पण गाणं म्हणत जा बाई."