सोन्याची माणसं

फिल्टर कॉफीच्या डिकॉक्शनचा वास आला की दक्षिणेतल्या वेलचेरी उपनगरातला तो फ्लॅट आठवतो. मी तिथे पोळ्या करायचे. एकदा लेकीचा अकरावी सायन्सचा इंग्रजी फॉर्म भरून घ्यायला मी तिथल्या निवृत्त प्राध्यापक काकांपुढे ठेवला. ते म्हणाले, "अगं, तिला शिवणाच्या क्लासला घाल. ग्रीसमधला एक जुना विद्वान सांगून गेलाय, कुणी जन्मतःच सोन्याचं, कुणी लोखंडाचं. ज्याने त्याने आपलंच काम करावं, हाच न्याय." मला काहीतरी खटकलं. खाली बघतच मी विचारलं, "हे लोकांना सांगायचं कुणी?" "राज्य चालवणाऱ्यांनी." "आणि ते कशाचे?" काका हसले, "सोन्याचेच की!" मी फॉर्म उचलला. लेकीने तो स्वतःच भरला. तो विद्वान खरंच तसं म्हणाला होता की काकाच, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.